धुऊन आणायचा

दिवसाचं भाडं दोन हजार एश्कुदु, आणि एक अट:
नेलात तसा धुऊन आणायचा.
अट भिंतीवर लिहिलेली नाही.
मिंदेलोच्या या चढावर
ज्याने एक तरी खोली वाढवलीय त्याला ती पाठ आहे.

शेवटचा माल ओतलात की बसायचं नाही.
घमेलंभर खडी, अर्धी बादली पाणी,
आणि ड्रम फिरता ठेवायचा
तुमची सिगारेट संपेपर्यंत.
घासायचं काम खडीचं. आपण नुसतं ऐकायचं:
आधी तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज,
मग एकेक खडा वेगळा ऐकू येतो.
तेव्हा समजायचं, आतली पाती मोकळी झाली.

पाणी गोडं. हे दोनदा सांगते, गोडं.
समुद्र फुकट आहे, उताराच्या टोकाला आहे,
पण तो पत्रा खातो,
रात्रीचा, उंदरासारखा, फक्त आवाज न करता.
आमच्याकडे पाण्यासारखा पैसा खर्च करणं म्हणजे
टँकरवाल्यापुढे उभं राहून
थुंकी लावून नोटा मोजणं.
म्हणून धुवणही सांडायचं नाही.
पिपात धरायचं, गाळ खाली बसू द्यायचा,
वरचं नितळ उद्याच्या मालाला.

दातेरी चक्राला ग्रीस नको.
फेलिस्बेर्तु लावायचा. प्रेमाने, बोटांनी,
मला कधी तेवढ्या निगुतीने तेल लावलं नाही त्याने.
आणि वाऱ्यावर सहाराहून आलेली धूळ
तिथेच मुक्काम ठोकायची.
दोन वर्षांत चक्राचं बोळकं झालं.
तो गेल्यावर मी नवीन बसवलं. पाना त्याचाच होता.

बाहेरून हातोडा मारायचा नाही, कितीही राग आला तरी.
पोचा पडतो,
आणि पोच्यात माल जाऊन बसतो कायमचा.

एवढं सगळं तुला माहीत होतं, एदमिल्सन.
तरी सोमवारी सहा जणांनी ढकलत आणलात.
ड्रम वळेना. आत अख्खा घाणा,
दगड झालेला.
मी ओरडायला तोंड उघडलं होतं.
तुझी मेहुणी गाडीमागून चालत होती, अनवाणी,
तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

मागाहून कळलं. स्लॅब निम्मा झाला होता,
बायकांनी खाली काशुपा शिजत ठेवला होता,
तेवढ्यात रॉटरडॅमहून फोन आला.
ज्याच्या पैशाने खोली,
ज्याच्या म्हातारपणासाठी खोली,
तोच.
मिक्सर कुणी बंद केला कुणाला आठवत नाही.
सिमेंट सुतक पाळत नाही.

तीन संध्याकाळी मी कमरेपर्यंत आत होते.
छिन्नी, छोटा हातोडा, डोक्याला फडकं.
आत स्वतःचा श्वासही दुसऱ्या कुणाचा वाटतो.
तिसऱ्या दिवशी मोठा तुकडा सुटला, एकसंध,
पात्यांच्या खोल खुणांसकट,
आणि त्यात अर्धा बुडालेला चमचा, ॲल्युमिनियमचा.
कुणीतरी मीठ बघत बघत वर आलं असणार.
चमचा निघाला नाही. ओढून पाहिला.
तो तुकडा परसात आहे, कोंबडी त्यावर चढून बसते.
हवा असेल तर ने. नको असेल तर राहू दे.

भाडं चार दिवसांचं झालं.
एका दिवसाचं दे. उरलेलं मला माहीत नाही, नंतर बघू.

तुमच्या गच्चीवर सळया उघड्या आहेत, इथून दिसतात.
गंज फार चढू देऊ नकोस.
जुन्या कडेला आधी टाचे मार,
ब्रशने झाड, पाणी पाज भरपूर,
सिमेंटचं पाणी फिरव, मग नवा माल ओत.
सांधा दिसेलच. पाऊस असतो तरी कुठे इथे, गळायला?

शनिवारी मिक्सर मोकळा आहे.
धुऊन आण.